खाण बंद झाली, रस्ता उरला

मसुरीचे आणि भारतीय प्रशासनाचे नाते जुने आहे. १९५९ पासून प्रशासकीय सेवेतील अधिकारी तेथे घडतात. परंतु ज्या डोंगररांगेवर ही अकादमी उभी आहे, त्याच रांगेने देशाच्या पर्यावरणविषयक न्यायव्यवस्थेला पहिला मोठा धडा दिला, ही गोष्ट मसुरीला येणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. १९८० च्या सुमारास डेहराडूनहून वर पाहिले की हिरव्या डोंगरावर पांढरे ओरखडे दिसत. त्या चुनखडीच्या उघड्या खाणी होत्या.

येथील चुनखडी उत्तम प्रतीची. १९६२ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अनेक खाणपट्टे २० वर्षांच्या मुदतीने दिले. डोंगराच्या वरच्या अंगाला सुरुंग लावायचा, चांगला दगड ट्रकमध्ये भरायचा आणि उरलेला राडारोडा उतारावरून खाली लोटून द्यायचा, अशी साधारण रीत होती. ट्रक वर नेण्यासाठी डोंगर कापून नागमोडी रस्ते काढले गेले. चुनखडीचा डोंगर आपल्या भेगांत पावसाचे पाणी साठवतो आणि झऱ्यांवाटे ते सावकाश सोडतो. माथा उघडा पडला, तसे झरे आटू लागले आणि पावसाळ्यात दगडगोट्यांचे लोंढे ओढ्यांत उतरू लागले. नदीचे पात्र भरून वर आले की पाणी शेतात शिरणारच.

१९८२ मध्ये खाणपट्ट्यांच्या नूतनीकरणाचा प्रश्न आला. राज्य सरकारने नकार दिला, तरी न्यायालयीन आदेशांच्या आधारे अनेक खाणी चालूच राहिल्या. जुलै १९८३ मध्ये डेहराडूनच्या एका स्वयंसेवी संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. खाणींची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे प्रमुख डी. एन. भार्गव हे नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोचे महानियंत्रक होते. समितीने खाणींचे अ, ब, क असे वर्ग पाडले. १२ मार्च १९८५ च्या आदेशाने ‘क’ वर्गातील खाणी कायमच्या बंद झाल्या. बेकार होणाऱ्या कामगारांना वनीकरण व मृदसंधारणाच्या कामांत शक्य तितके सामावून घ्यावे, असेही न्यायालयाने सांगितले. ३० ऑगस्ट १९८८ च्या निकालानंतर केवळ तीन खाणी पट्ट्याच्या मुदतीपुरत्या उरल्या. १९८९ मध्ये केंद्र सरकारने दून खोऱ्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढली.

हा इतिहास बहुधा येथेच संपवला जातो. मला वाटते, प्रशासनाच्या दृष्टीने तो येथे सुरू होतो. आदेशाने खाण बंद होते, उताराची घसरण बंद होत नाही. डोंगरावर लोटलेला राडारोडा न्यायालयाचा आदेश वाचत नाही. तो पावसाची वाट पाहतो.

डेहराडूनच्या केंद्रीय मृदा व जल संधारण संशोधन संस्थेने सहस्रधारा येथील ६४ हेक्टर खाणग्रस्त क्षेत्रावर १९८४ पासून केलेले काम म्हणूनच मोलाचे आहे. ओढ्यात तारेच्या जाळीत दगड भरून बांध घातले, उताराच्या पायथ्याशी आधारभिंती उभ्या केल्या, तीव्र उतारांवर तागाची जाळी अंथरली. लागवडीसाठी निर्गुडी, बेशरम, खैर, हत्तीगवत अशा चिवट वनस्पती निवडल्या. निर्गुडी आणि बेशरम आपल्या परिचयाच्याच. गावाकडे ज्यांची कोणी दखल घेत नाही, त्यांनीच येथे डोंगर धरून ठेवला. पूर्वी हेक्टरी वर्षाला ५५० टन राडारोडा वाहून जात असे, तो ८ टनांवर आला. वनस्पतींचे आच्छादन १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत वाढले. पावसाळ्यानंतर ओढा ६० दिवस वाहत असे, तो २४० दिवस वाहू लागला. मला यातला शेवटचा आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण तो थेट खालच्या गावाच्या हंड्यात उतरतो.

अशा जागेची पाहणी करताना झाडे मोजण्याचा मोह होतो. अहवालातही तीच शोभून दिसतात. मी मात्र आधी रस्ता पाहतो. खाणीचा रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर आडवी घातलेली जखम. त्याच्या आतल्या बाजूचे गटार गाळाने भरले की पाणी रस्त्यावर येते, रस्त्याचाच ओढा होतो आणि वळणावर बाहेरची कड फोडून ते खालच्या उतारावर कोसळते. एका बुजलेल्या मोरीमुळे दहा वर्षांची लागवड एका रात्रीत जाऊ शकते. म्हणून मोऱ्यांची तोंडे मोकळी आहेत का, रस्त्याला आडवे चर आहेत का, कडेला ताज्या भेगा आहेत का, भिंतीच्या पाझरछिद्रांतून पाणी येते का, हे पाहावे. तेही पहिल्या मोठ्या पावसानंतर. मार्चमधील पाहणीत प्रत्येक उतार शहाणा दिसतो.

अडचण अशी, की खाण संपल्यावर या रस्त्याला धनी राहत नाही. पट्टेदार निघून जातो, बांधकाम विभागाच्या नोंदवहीत तो रस्ता नसतो आणि वन विभागाच्या दृष्टीने ती केवळ जमीन असते. २००३ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन मोठ्या खनिजांच्या खाणींना समापन आराखडा आणि वित्तीय हमी बंधनकारक झाली. जानेवारी २०२० मध्ये खाणग्रस्त जमिनीवर पुन्हा गवत वाढवण्याची अट पट्ट्यांत घालावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही मोठी प्रगती आहे. तथापि दाखला दिला की फाईल बंद होते, पाऊस मात्र दरवर्षी येतो.

माझी सूचना साधी आहे. समापनाचा दाखला देतानाच ठेवायच्या रस्त्यांची व मोऱ्यांची यादी करावी, ती एका विभागाच्या नावावर चढवावी आणि दर पावसाळ्यातील पाहणीचे टिपण तहसील कार्यालयात ठेवावे. जो रस्ता ठेवायचा नाही, तो मोडून उताराला परत द्यावा. खाण बंद करण्याचे श्रेय अनेकांना मिळते. मोरी साफ ठेवण्याचे कोणालाच मिळत नाही. पण खालच्या गावातील माणूस रात्री निर्धास्त झोपतो, तो त्या मोरीच्या भरवशावर.