उशिरा येणाऱ्याचा वाटा



मी धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगार संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा कॅथलिकांच्या कम्युनियनविषयी हा गृहस्थ काय सांगणार, असे आपणांस वाटेल. पण हा विधी मुळात एका जेवणातून निघाला आहे, आणि पंगतीत कोणाचे पान रिकामे राहिले हे पाहणे हे तर माझे रोजचे काम.

येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर भोजन केले. त्याचे स्मरण म्हणून मिस्सेमध्ये भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो, आणि भाविक ते ख्रिस्ताचे शरीर व रक्त मानून ग्रहण करतात. आता या पंगतीतले पहिले भांडण पाहा. इ. स. ५४ च्या सुमारास पौलाने ग्रीसमधील करिंथ या बंदराच्या शहरी पत्र पाठविले. तेथे काही जण आपले जेवण आधीच उरकून घेत, पिऊन तर्र होत. ज्यांच्यापाशी काही नव्हते ते उपाशी राहत. हे मागे राहणारे बहुधा गुलाम आणि मजूर असावेत, धन्याचे काम आटोपल्यावाचून त्यांची सुटका नसे, असे अनेक अभ्यासक मानतात. पौलाने खडसावले, की याला प्रभूचे भोजन म्हणता येत नाही. मग उपाय कोणता? एकमेकांसाठी थांबा, एवढाच!

पुढे इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिनने सम्राटाला उद्देशून आपल्या धर्माचे समर्थन लिहिले. त्यात रविवारच्या सभेचे वर्णन आहे. भाकर वाटली जाई, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे ती पोचविली जाई, आणि ऐपतदार माणसे स्वखुशीने वर्गणी देत. ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांच्यासाठी खर्च होई. म्हणजे वेदी आणि वर्गणीची पेटी एकाच सभेत होत्या.

चौथ्या शतकात चर्चला राजाश्रय लाभला आणि वैभव आले. तेव्हा मिलानच्या अँब्रोजने युद्धकैदी सोडविण्यासाठी चर्चची भांडी वितळविली. अँटिओक येथे जॉन क्रिसोस्टम विचारीत असे, की ख्रिस्त गरिबाच्या रूपाने भुकेने मरत असताना त्याच्या वेदीवर सोन्याचे पेले कशाला? आधी त्याला जेवू घाला, मग वेदी सजवा. तेथील चर्च ३००० विधवा व कुमारिकांना पोसते, असेही तो सांगे. आपल्या संपत्तीतला वाटा गरिबाला न देणे ही चोरीच होय, असे त्याने दुसऱ्या एका प्रवचनात बजावले. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाल्यावर तो दरबाराच्या रोषास पात्र झाला आणि ४०७ साली हद्दपारीच्या वाटेवर मरण पावला. सोन्याचे पेले पुढेही घडतच राहिले, हेही सांगितले पाहिजे. पण त्याचा प्रश्न बुजला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही, हा प्रसाद घेणारा गरिबांशी बांधला जातो असे सांगताना, त्याच क्रिसोस्टमचा आधार घेतला आहे.

मी अनेक वर्षे म्हणत आलो, की आम्हाला दान नको, हक्क हवा. आजही म्हणतो. पण एक गोष्ट कबूल करतो. एका संपात फाटकासमोरच्या मांडवात खिचडी शिजत असे. आम्ही पुढारी भाषणे आटोपून पहिल्या पंगतीला बसायचो. एका रात्री एक म्हातारा कंत्राटी कामगार, बाहेर हमाली करून, उशिरा आला. पातेले खरवडलेले होते. तो काही बोलला नाही. तांब्याभर पाणी प्यायला आणि निघून गेला. त्या दिवशी मी हक्कावरच बोललो होतो.

पौलाचे पत्र मी नंतर वाचले आणि तो म्हातारा आठवला. उरलेले देणे हे दान झाले; येणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवणे आणि त्याच्यासाठी थांबणे, ही पंगत. वेदीवरची भाकर हेच मागते असे मला वाटते. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मांडवात पुढारी शेवटच्या पंगतीला बसू लागले. फार उशिरा सुचले, पण सुचले.