तेलात विरलेला वायू

कुकरच्या झाकणाला एक रबरी रिंग पुरते, कारण झाकण जागचं हलत नाही. आता समजा, त्याच झाकणातून एक पोलादी दांडा आरपार गेलाय, तो मिनिटाला १०,००० वेळा फिरतोय आणि आत वाफेऐवजी ७० बार दाबाचा नैसर्गिक वायू आहे. म्हणजे गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तीसेक पट दाब. रिंग घट्ट आवळली तर घर्षणानं जळेल, सैल सोडली तर वायू बाहेर येईल.

गॅस पाइपलाइनवरच्या प्रत्येक सेंट्रिफ्युगल कंप्रेसरपुढे हा पेच असतो. लांब पाइपातून वाहताना वायूचा दाब उतरत जातो, म्हणून मध्ये मध्ये तो पुन्हा वाढवावा लागतो. दाब वाढवणारी चाकं केसिंगच्या आत, त्यांना फिरवणारी टर्बाइन किंवा मोटर बाहेर. मग शाफ्ट कुठून तरी बाहेर येणारच. तिथे कोणतं सील बसवायचं, याचं उत्तर गेल्या शंभरेक वर्षांत अनेकदा बदललं. दर वेळी सील सुधारलं, हे खरंच. पण गळती कुठे शोधायची, हेही दर वेळी बदललं.

सगळ्यात जुनं उत्तर वाफेच्या जगातून आलं. चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये आपली पहिली स्टीम टर्बाइन बनवली. त्यांच्या टर्बाइनमध्ये वाफ अडवायला शाफ्टला न टेकणाऱ्या धारदार कडांची रांग असे. प्रत्येक फटीतून जाताना वाफेचा थोडा दाब खर्ची पडतो, पुढच्या खोबणीत ती भोवरे खात रेंगाळते, मग पुढची फट. याला लॅबिरिंथ सील म्हणतात. चक्रव्यूहच, फक्त यातून अभिमन्यू शेवटी बाहेर पडतो. हवेच्या कंप्रेसरला हे सील आजही चालतं, कारण हवा गळली तर थोडी वीज वाया जाते, एवढंच. ज्वालाग्राही वायूला मात्र हे एकटं परवडत नाही.

म्हणून तेल आलं. शाफ्टभोवतीच्या रिंगांमध्ये, आतल्या वायूपेक्षा किंचित जास्त दाबानं तेल सोडायचं. तेलाचा पातळ थर फट भरून काढतो आणि वायूला वाट उरत नाही. तेलाचा दाब सतत वरचढ राहावा म्हणून पंप, राखीव पंप, फिल्टर, कूलर, नियंत्रक झडपा आणि अनेकदा कंप्रेसरच्या वर उंचावर बसवलेली टाकी, असा मोठा संसार थाटावा लागे. पाइपलाइनच्या जगानं हे ओलं सील कित्येक दशकं वापरलं. सीलपाशी गॅस डिटेक्टर धरला तर फारसं काही सापडत नसे.

पण दाबाखालचं तेल वायू शोषून घेतं, सोड्याच्या बाटलीसारखं. ते तेल टाकीत परतलं की दाब उतरतो आणि वायू फसफसून वेगळा होतो. तो काढून टाकल्याशिवाय तेल पुन्हा वापरता येत नाही. काढायचा कुठे? बहुतेक ठिकाणी उत्तर साधं होतं: व्हेंटच्या नळीतून आकाशात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एरर गिळून टाकणारा कोड असतो. स्क्रीन स्वच्छ दिसते आणि डेटा भलतीकडेच गळत असतो. ओलं सील अगदी तसं वागत होतं.

याला पर्याय ठरलेल्या कल्पनेची मुळं बरीच जुनी आहेत. अमेरिकेत अल्बर्ट किंग्सबरी यांनी १८९७ मध्येच, फिरणारा पोलादी शाफ्ट निव्वळ हवेच्या थरावर तरंगू शकतो, हे प्रयोगानं दाखवलं होतं. पुढे ब्रिटनच्या हारवेल अणुसंशोधन केंद्रात व्हिपल यांनी तिरप्या खाचांच्या बेअरिंगचं गणित मांडलं आणि नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या मायडरमान यांनी १९६०च्या दशकात सर्पिल खाचांवर सखोल काम केलं. शिकागोजवळच्या क्रेन पॅकिंग कंपनीतले (आजची जॉन क्रेन) जोसेफ सेडी यांनी हीच खाच सीलसाठी वापरली. त्यांचं पेटंट १९८०चं आहे.

रचना दिसायला सोपी. शाफ्टसोबत फिरणारी एक कठीण रिंग, तिच्यासमोर स्प्रिंगनं टेकवलेली कार्बनची स्थिर रिंग. फिरणाऱ्या रिंगवर काही मायक्रॉन खोलीच्या सर्पिल खाचा. वेग घेतला की खाचा वायूला आत ओढतात, खाच जिथे संपते तिथे दाब वाढतो आणि रिंगा ३ ते ५ मायक्रॉननं विलग होतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. फट कमी झाली तर दाब वाढून रिंग मागे ढकलली जाते, जास्त झाली तर स्प्रिंग तिला परत आणते. सेन्सर नाही, प्रोग्रॅम नाही, तरी फीडबॅक लूप चालू. मला हे फार देखणं वाटतं.

गंमत म्हणजे हे सील उघडपणे गळतं. थोडा वायू सतत बाहेर येतो, ठरलेल्या नळीतून जातो आणि मोजला जातो. प्रवाह वाढला की सील बिघडतंय, हे कळतं. कॅनडातल्या अल्बर्टात नोवा कंपनीनं १९८०च्या दशकात ही सीलं पाइपलाइनवर वापरली, सोबत चुंबकीय बेअरिंगही बसवून पाहिली. कोरड्या सीलकडे वळण्यामागे हवामानबदलाची चिंता नव्हती. तेलाचा खर्च, तेलामुळे लागणाऱ्या आगी, पाइपात शिरणारं तेल आणि देखभाल, या जुन्या कटकटी होत्या.

वायूचा हिशेब नंतर झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९३ मध्ये गॅस कंपन्यांसोबत ‘नॅचरल गॅस स्टार’ हा ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला. त्यातून पुढे आलेले आकडे असे: ओल्या सीलच्या तेलातून मिनिटाला ४० ते २०० घनफूट वायू सुटतो, कोरड्या सीलांतून फार तर ६. सुटलेला वायू मुख्यतः मिथेन धरला, तर ४० घनफुटांच्या हिशेबानं साधारण दर १८ मिनिटांना घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरएवढं वजन हवेत जातं. २०० घनफुटांना चार मिनिटंही लागत नाहीत. आणि २० वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडकवतो.

मग सगळीकडे कोरडं सीलच लावावं? नव्या यंत्रांत बहुधा तेच येतं, पण निवड इतकी सरळ नाही. या सीलला अतिशय स्वच्छ आणि कोरडा वायू लागतो. कंडेन्सेटचे थेंब किंवा बारीक कचरा त्या ३ मायक्रॉनच्या फटीत गेला तर कार्बनची रिंग फुटू शकते. विशेषतः यंत्र सुरू किंवा बंद होताना ही भीती जास्त. त्यामुळे तेलाचा संसार गेला, तरी फिल्टर, हीटर, नायट्रोजन यांचा नवा संसार आला. या सहायक यंत्रणेसाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं २०१८ मध्ये एपीआय ६९२ हे स्वतंत्र मानक काढलं. खाचा एकाच दिशेच्या असतील तर शाफ्ट उलटा फिरणंही त्यांना मानवत नाही. वायू विषारी असेल तर एकामागे एक दोन सीलं आणि त्यांच्यामध्ये नायट्रोजन लागतो.

आणि आधीच चालू असलेल्या ओल्या सीलच्या यंत्रांचं काय? अलास्काच्या नॉर्थ स्लोपवर बीपीच्या कंप्रेसरांना कोरडं सील न लावताच मार्ग निघाला होता. तेल टाकीत जाण्याआधी, त्याचा दाब थोडा शिल्लक असतानाच, ते एका छोट्या विभाजक पात्रातून न्यायचं. बहुतेक वायू तिथेच सुटतो, आणि दाब असल्यामुळे तो इंधन म्हणून परत वापरता येतो. आकाशात जातो तो उरलासुरला. पात्र, थोडे पाइप, दाब सांभाळणारी व्यवस्था. शाफ्टला हातही लावावा लागत नाही.