एक पोथी की अनेक : ज्ञानेश्वरीची संहिता आणि संशोधनपद्धती

शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रतिशुद्धी केली. साहजिकच नंतरच्या अभ्यासकांपुढे प्रश्न उभा राहिला : मूळ पाठ ठरवायचा तो कोणत्या साधनांवरून? वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये, एकनाथपूर्व मानलेल्या एकाच पोथीच्या आधारे ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्याच पाठावर ज्ञानेश्वरीतील भाषेचे व्याकरण उभारले. याउलट विष्णु सीताराम सुखटणकर यांनी 1925 पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या संपादनासाठी शारदेपासून मल्याळमपर्यंतच्या लिप्यांतील अनेक हस्तलिखिते ताडून पाहिली व पाठभेद पृष्ठाच्या तळाशी नोंदविले. पहिल्या पद्धतीत भाषेचे एकसंध रूप हाती येते. परंतु लेखनिकाची लकब कोणती आणि कवीची भाषा कोणती, हे एका प्रतीवरून ठरविता येत नाही. दुसरीत संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता येतो. मात्र सिद्ध होणारी संहिता कोणत्याही एका पोथीत जशीच्या तशी आढळत नाही. साधनांची निवड होते तेव्हाच निष्कर्षाची मर्यादाही आखली जाते. राजवाड्यांचे व्याकरण ज्ञानेश्वरकालीन मराठीचे की एका पोथीचे, हा प्रश्न म्हणूनच व्याकरणाचा होण्यापूर्वी पद्धतीचा ठरतो.