दुधाची भिशी आणि कुरकुरीत फ्रिको

आज एका खाऊची गोष्ट ऐकू या, आणि खाऊच्या निमित्ताने दुधाची.

गेले काही महिने गटागटांतून आमच्याकडे एकच विचारणा येते आहे. शहरातल्या दुकानांत भाजलेल्या चीजचा कुरकुरीत खाऊ मिळतो, पाकिटावर प्रोटीन जास्त असल्याचं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. ताई, हे आपल्याला घरी जमेल का? गटाला विकता येईल का? उत्तर देण्याआधी हा खाऊ आला कुठून, ते आम्ही शोधलं. चीज म्हटलं की आपल्याला आधी कष्टाचं चीज आठवतं. या गोष्टीत दोन्ही चीजं आहेत.

इटली देशाच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा डोंगराळ मुलूख आहे. एका अंगाला ऑस्ट्रिया, दुसऱ्या अंगाला स्लोव्हेनिया आणि डोक्यावर आल्प्सचे डोंगर. हिवाळ्यात बर्फ पडतं, गाई गोठ्यात बांधून असतात. उन्हाळा आला की त्यांना उंचावरच्या कुरणांत नेतात. म्हणजे उन्हाळ्यात दूधच दूध आणि हिवाळ्यात टंचाई. पूर्वी जवळपास बाजार नाही, गाडीरस्ता नाही. मग उन्हाळ्याचं दूध हिवाळ्यासाठी ठेवायचं कसं? आपण लोणी काढून तूप कढवलं, खवा आटवला. त्यांनी चीज केलं.

चीजची रीत अशी. दूध कोमट करायचं, त्यात थोडं विरजण आणि वासराच्या जठरातला एक पाचक रस घालायचा. थोड्या वेळात दूध घट्ट होतं. ते कापून, पुन्हा तापवून, त्यातलं पाणी काढून गोल साच्यात दाबायचं, मीठ लावायचं आणि फळीवर ठेवून महिनोन्‌महिने पिकू द्यायचं. दहा लिटर दुधाचं जेमतेम किलोभर चीज होतं. फ्रिउलीतल्या चीजला मोंताझिओ म्हणतात, तिथल्याच एका डोंगराच्या नावावरून. जठराचा रस ऐकून कुणी नाक मुरडलं असेल, तर सांगतो की आता वासराशिवायही असा रस तयार होतो. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो तो बघून घ्यायचा.

चीजचा गोळा साच्यातून काढला की त्याच्या कडा सुरीने सारख्या करतात. त्या कापलेल्या पट्ट्या टाकायच्या थोड्याच? त्या तव्यावर टाकल्या, वितळल्या, तांबूस झाल्या, की झाला फ्रिको. आपल्याकडे तूप कढवल्यावर तळाला बेरी उरते आणि पोरं साखर घालून तिच्यावर तुटून पडतात, तसाच हा प्रकार. शहरात आज महाग विकला जाणारा खाऊ मुळात उरल्यासुरल्याचा आहे, हे आम्हाला फार आवडलं. तशी त्याची नोंद राजेशाही पुस्तकातही सापडते. पंधराव्या शतकात मार्तिनो नावाचा नावाजलेला आचारी अक्विलेइयाच्या मोठ्या धर्मगुरूंच्या पदरी होता. हे अक्विलेइया त्याच भागातलं. त्याच्या पाककृतींच्या पुस्तकात तव्यावर चीज भाजायची कृती आहे, आणि तीच फ्रिकोची आजी असं मानतात.

फ्रिको दोन तऱ्हेचा. बटाटा घालून केलेला जाड, मऊ असतो. नुसत्या चीजचा पातळ असतो, तो जाळीदार आणि कुरकुरीत होतो. आपण या दुसऱ्याबद्दल बोलतोय.

आता खाऊ जरा बाजूला ठेवू. त्याच मुलखाची एक गोष्ट आहे, जी आमच्या मते बचत गटातल्या प्रत्येकीने ऐकायला हवी.

ज्याच्या घरी दोन गाई, त्याला रोजच्या दुधातून चांगलं चीज करता येत नाही. मोठा गोळा करायचा तर एका वेळी खूप दूध लागतं, मोठी कढई लागते, सरपण लागतं, जाणता माणूस लागतो. थोडं थोडं साठवत बसलं तर दूध नासतं. १८८० साली त्या डोंगरातल्या कोल्लीना नावाच्या छोट्या गावात एउजेनिओ कानेवा नावाच्या शिक्षकाने गावकऱ्यांना एकत्र करून यावर तोड काढली. तिला तिकडे लात्तेरिया तुर्नारिया म्हणतात, म्हणजे पाळीपाळीची दूधशाळा. सगळ्या घरांनी रोजचं दूध एका जागी आणायचं, मोजून वहीत लिहायचं. एका दिवसाचं सगळं दूध एका घराचं. ज्या घराचं जमा दूध पुरेसं झालं, त्याचा नंबर लागायचा. त्या दिवशी त्या घरच्या माणसांनी चीज करणाऱ्याच्या हाताखाली राबायचं आणि तयार झालेलं चीज, लोणी, उरलेलं पाणीसुद्धा घरी न्यायचं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा नंबर.

ओळखीचं वाटलं ना? ही सरळ सरळ भिशी आहे. फक्त पैशांऐवजी दूध. बघता बघता फ्रिउलीत अशा शेकडो दूधशाळा झाल्या. पुढे मोठे कारखाने आले, लोक गाव सोडून गेले, आणि आता मोजक्याच उरल्या आहेत.

ही भिशी चालली कुणाच्या जिवावर, तेही सांगायला हवं. तिथले पुरुष वर्षातले कित्येक महिने कामासाठी ऑस्ट्रिया, जर्मनीकडे जायचे, आपल्याकडचे ऊसतोडीला किंवा मुंबईला जातात तसे. मागे गाई, गवत, पोरं आणि म्हातारी माणसं, सगळं बाईवर. पाठीवर उंच टोपली बांधून डोंगरावरून गवत उतरवणं हे त्यांचं रोजचं काम. पहिल्या महायुद्धात, १९१५ ते १९१७ या काळात, आघाडीवर रस्ते नव्हते तेव्हा याच बायकांनी त्याच टोपल्यांतून तीस-चाळीस किलो दारूगोळा आणि अन्न डोंगर चढून सैनिकांना पोचवलं. त्यातली मारिया प्लोत्सनेर मेन्तील ही चार लेकरांची आई १९१६ साली गोळी लागून गेली. खाऊच्या गोष्टीत हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण दुधाचा इतिहास सांगताना डेऱ्या, संघ, अध्यक्ष यांचीच नावं येतात, आणि धार काढणारीचं नाव कुठे येत नाही. एक तरी नाव यावं, म्हणून सांगितलं.

आता आपल्याकडे येऊ. सहकाराने आपल्या दुधाला पैसा दिला, हे कुणी नाकारू नये. गुजरातेत १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध संघ नोंदला गेला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असं परदेशी जाणकार म्हणत होते, ती आणंदला हरिचंद दलाया यांनी करून दाखवली. आपल्या कोल्हापूरचा जिल्हा संघ १९६३ सालचा. १९७० पासून दुधाचा महापूर योजना देशभर गेली. त्याआधी दूध विकायला बाजार नसलेल्या घरात दर दहा दिवसांनी बिल येऊ लागलं. पोरींची शिक्षणं त्यावर झाली, आमच्यापैकी काहींचीही.

पण फ्रिउलीच्या भिशीत आणि आपल्या डेअरीत एक फरक आहे. तिथे दूध घालणाऱ्या घरात चीज परत यायचं. आपल्याकडे पैसा परत येतो, आणि तो पुष्कळदा ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या हातात येतो. आधी ताक, लोणी, तूप ही बाईच्या हातची मिळकत होती. शेजारणीला ताक द्यायचं की नाही, लोणी किती साठवायचं, हे ती ठरवायची. गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, डेअरीला किती आणि घरात किती? सात लिटर डेअरीला, अर्धा लिटर चहाला, असं उत्तर येतं. पोराला दूध? शांतता. आणि धार काढणारीला? त्यावर सगळ्या हसतात. म्हणून कुरकुरीत खाऊ विकायचा की नाही हा आमच्या मते दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की आठवड्यातलं एका दिवसाचं दूध घरात थांबेल का?

बरं, आता कृतीकडे. खरा फ्रिको करायला पिकलेलं, कोरडं चीज लागतं. ते किसून कोरड्या तव्यावर पातळ पसरायचं. तेल घालायचं नाही, त्याचंच तूप सुटतं. कडा तांबूस झाल्या की उलटायचं, गार झालं की कुरकुरीत. चीज पिकताना त्यातलं पाणी कमी झालेलं असतं, उरलेलं तव्यावर उडतं, आणि मागे राहतं ते प्रोटीनचं जाळं. सगळी करामत एवढीच आहे.

आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळतं ते बहुतेक प्रोसेस्ड चीज. ते १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये निघालं. त्यात असे क्षार घालतात की गरम केल्यावर तूप वेगळं सुटू नये. म्हणून ते तव्यावर जाळी धरत नाही, चिकटून बसतं. आणि पनीर तर वितळतच नाही, कारण ते उकळत्या दुधात लिंबू पिळून फाडलेलं असतं. त्यामुळे कुणी पनीरचा फ्रिको शिकवतो म्हणून फी मागितली, तर आधी त्याला समोर करून दाखवायला सांगा.

मग आपण काय करायचं? आम्ही केलं ते सांगतो. म्हशीच्या एक लिटर दुधाचं साधारण दोनशे ग्रॅम पनीर निघतं. ते फडक्यात बांधून जड वरवंट्याखाली दोन तास ठेवायचं. मग हाताने अगदी बारीक मळायचं. त्यात शंभर ग्रॅम बेसन, चमचाभर तीळ, ओवा, जिरं, तिखट आणि बेताचं मीठ. पाणी घालायचं नाही. पिठाला ओल कमी वाटली तर पनीर फाडलेलं पाणीच चमचा-चमचा घालायचं. पातळ लाटायचं, काट्याने टोचायचं, शंकरपाळ्यासारखं कापायचं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाळीचं स्टँड ठेवून झाकण घालून आधी दहा मिनिटं तापवायची, मग ताटली आत ठेवून मंद आचेवर भाजायचं. मध्ये एकदा उलटायचं. नाहीतर तव्यावर खाकऱ्यासारखं फडक्याने दाबत भाजायचं, तेही छान होतं. मध्यभागी मऊ लागलं तर पुन्हा भाजा. ओल राहिली तर डब्यात बुरशी येते.

दोनशे ग्रॅम पनीरमध्ये छत्तीसच्या आसपास ग्रॅम प्रोटीन, शंभर ग्रॅम बेसनात वीसेक. म्हणजे एका घाण्यात पंचावन्न ग्रॅमच्या जवळपास. आठ जणांत वाटलं तर प्रत्येकी सात, एका अंड्यापेक्षा किंचित जास्त. पनीर फाडलेलं पाणी ओतून देऊ नका, भाकरीच्या किंवा पोळीच्या पिठात घाला. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्यांनी आपला भाग बिनमिठाचा वेगळा काढावा.

विकण्याबद्दल थोडक्यात. अन्न विभागाची नोंदणी केल्याशिवाय पाकीट करू नका. दर ठरवताना दुधाचा डेअरीचा भाव, बेसन, गॅस आणि स्वतःची मजुरी हे चारही धरा. मजुरी सोडून हिशेब करायची आपल्याला खोड आहे.

आमच्या एका गटाने गेल्या पावसाळ्यापासून दुधाची भिशी सुरू केली आहे. दहा जणी, दर रविवारी सकाळचं एकेक लिटर दूध एका घरी, दर आठवड्याला नंबर बदलतो. दहा लिटरचं दोन किलोच्या आतबाहेर पनीर. जिच्या घरी नंबर, तिच्याकडे बाकीच्यांतल्या दोघी मदतीला जातात. अर्धं पनीर भाजून खाऊ करतात आणि तो दहा घरांत वाटतात, अर्धं तिचं. सुरुवातीला दोन घरांत नवऱ्यांनी बिल कमी आल्याचं विचारलं. एकीने खाऊचा डबाच पुढे केला, दुसरीच्या घरी अजून बोलणं चालू आहे.

तंटा झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. तिघींच्या गाई आहेत, बाकीच्यांच्या म्हशी. गाईच्या लिटरचं पनीर दीडशे ग्रॅमच्या पुढे जात नाही, मग लिटरला लिटर कसं धरायचं? म्हशीवाल्या म्हणतात आम्ही जास्त घालतो, गाईवाल्या म्हणतात धार काढायचे कष्ट सारखेच आहेत. सध्या गाईवाल्या सव्वा लिटर घालतात आणि वहीत दोन रकाने केले आहेत. दिवाळीनंतर पुन्हा बसायचं ठरलं आहे.