बैलगाडीची धाव आणि मोटारीचे चाक

१/ भिवंडी तालुक्यातील अकलोली तानसाकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. शेजारच्या वज्रेश्वरी मंदिराचा संबंध चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईविजयाशी सांगितला जातो. या यात्रेच्या वाटेवर पूर्वी बैलगाड्या चालत, आज मोटारी धावतात. चाकाचा मध्य मात्र दोन्हींना सांभाळावा लागतो.

२/ सुतार तुंबा, आरे आणि कडेचे वक्र तुकडे जोडून चाक घडवी. लोहार किंचित लहान घेराची लोखंडी धाव आगीत तापवी. प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवून पाणी ओतले की ती आकसे आणि सारे सांधे तुंब्याकडे आवळले जात.

३/ तरीही मध्य थोडा चुकलाच, तर बैलांच्या संथ चालीत ते खपून जाई. मोटारीत खपत नाही. मध्य ढळलेल्या चाकाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट, तर जोर चौपट. स्टेअरिंग थरथरते ते त्यामुळेच.

४/ बाजारातील अलॉय चाकांचे मधले छिद्र बहुधा मोठे ठेवलेले असते, कारण ती अनेक गाड्यांना बसवायची असतात. उरलेल्या फटीमुळे चाक एका बाजूला सरकून आवळले जाऊ शकते. नेमक्या मापाची हब रिंग ही फट भरून काढते.

५/ हबवरचा गंज घासून काढावा. चाकाच्या बैठकीला जुळणारेच नट घ्यावेत. गाडी जॅकवर असताना ते समोरासमोरच्या क्रमाने बसवावेत, चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने आवळावेत आणि थोड्या प्रवासानंतर पुन्हा तपासावेत. ढिला नट हादऱ्यांनी अधिक ढिला होतो आणि अखेर चाकच निखळू शकते.