घाटमाथ्यावरील पाण्याचे रहिवासी

मावळांत लोणावळ्याजवळ औंढे म्हणून गांव आहे. आषाढांत त्या मुलखांत जिकडे पहावें तिकडे पाणी असतें. वैशाखांत तेंच पाणी शोधीत हिंडावें लागतें. आल्प्स किंवा हिमालय येथें हिमनद्यांनीं कोरलेलीं सरोवरें आहेत. आमच्या सह्याद्रीवर हिमनदीच नव्हती. त्यामुळें येथील सांठलेलें पाणी बहुधा मनुष्याच्या हातचें: लोहगडावरील टाकीं, कार्लें-भाजें येथील लेण्यांच्या पोढ्या, विसाव्या शतकाच्या आरंभीं खोपोलीच्या वीजगृहाकरितां बांधलेले वळवण-शिरवत्याचे तलाव. उरलें तें खडकावरील खळग्यांत पर्जन्यानें चार महिने ठेव म्हणून ठेवलेलें. ह्या पाण्यांत कोणते बिनकण्याचे जीव रहावे हें कशानें ठरतें, ह्या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आणि गडकोटांच्या बखरी आवडीनें वाचणारांसहि तो बहुधा ठाऊक नसतो.

मुंबईच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य हेन्री जॉन कार्टर यानें 1849 सालीं मुंबई बेटावरील तळ्यांतल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांचें वर्णन प्रसिद्ध केलें. स्पंज म्हणजे समुद्राची वस्तु अशी सामान्य समजूत. येथें तर तो गांवच्या तळ्यांत! तळें आटलें कीं त्याचा देह नष्ट होतो, पण बियांसारखे बारीक गोळे मागें राहतात, आणि पाऊस पडून तळें भरलें म्हणजे त्यांतून पुन्हां स्पंज तयार होतो. पाणी किती आहे ह्याहून तें किती दिवस टिकतें हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, हें सूत्र आम्हांस येथेंच सांपडतें.

त्याच सूत्राचें दुसरें टोंक खडकावरच्या डबक्यांत दिसतें. तेथें उताणा पोहणारा, जवळजवळ पारदर्शक असा, कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला एक जीव पावसाळ्यांत आढळतो. 2014 सालीं त्याच्या एका जातीस ‘स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस’ हें नांव मिळालें. ह्या कुळाचे जीव थोड्या आठवड्यांत जन्मून, वाढून, अंडीं टाकून मरतात. अंडीं मातींत सुकून राहतात, वाऱ्याबरोबर वा पक्ष्यांच्या पायांस लागून दुसऱ्या डबक्यांत जातात. डबकें आटत असल्यामुळें तेथें मासे टिकत नाहींत, आणि मासे नाहींत म्हणूनच हा मंद, निःशस्त्र प्राणी तेथें जगतो. आम्ही ज्यास पाण्याचा दुष्काळ म्हणतों तीच त्याची तटबंदी.

तथापि एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. प्राणी तेथपर्यंत आला कसा, हेंहि पहावें लागतें. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे पुढें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले व 1946 सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीचे पहिले संचालक झाले. परंतु त्यांची आरंभींची कीर्ति एका जलचरामुळें. 1911 च्या सुमारास त्यांस सह्याद्रीवरून कृष्णेकडे जाणाऱ्या पाण्यांत गोड्या पाण्याचा जेलीमासा आढळला. त्याचे सगे तोंवर केवळ आफ्रिकेंत, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणीं, ठाऊक होते. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे नेल्सन अ‍ॅनन्डेल ह्यांनीं त्यास ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असें नांव दिलें. आफ्रिका व हिंदुस्थान हे भूखंड जोडलेले होते त्या काळचा हा वारसा, कीं मागाहून आलेला पाहुणा? तर्क दोन्ही बाजूंनीं करतां येतात. आम्हांस त्यांतला एकहि पुरता पटत नाहीं.

घाटाच्या ओल्या कड्यांवर, धबधब्याच्या तुषारांत राहणारी ‘क्रेम्नोकोंकस’ ही गोगलगाय तर त्याहून चमत्कारिक. नांवाचा अर्थच कड्याचा शंख. तिचें कुळ समुद्रकांठच्या खडकांवरचें; गोड्या पाण्यांत नांदणारी त्यांतली शाखा ही एवढीच, आणि तीहि फक्त पश्चिम घाटांत.

डासांच्या नायनाटासाठीं टाक्यांत मासे सोडण्याची चाल विसाव्या शतकांत पडली. हेतु चांगला होता. टाक्यांतील बारीक जीवांस मात्र तो शत्रूचा वेढाच. आतां लोणावळ्याच्या भोंवतीं जमीन सपाट होऊन बंगले उठत आहेत. धरणांची नोंद दप्तरीं असते, लेण्यांची व गडांची पुराणवस्तु खात्याकडे. खडकावरल्या खळग्याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. त्याच्या तळाशीं सुकलेल्या चिमूटभर मातींत पुढील मृगाचीं अंडीं असतात, आणि तीं कायमचीं गाडून टाकण्यास मुरुमाच्या चार पाट्या पुरतात.