बोलावणारा तित्तर

कापणीनंतरच्या कोरड्या शेतात बदकांचे पुतळे मांडून खऱ्या थव्यांना खाली उतरवण्याची पद्धत पाश्चात्त्य शिकाऱ्यांची. अशा पुतळ्यांचं मूळ फार जुनं आहे. अमेरिकेतल्या नेवाडात लव्हलॉक गुहेत 1924 मध्ये लव्हाळ्याची बदकं सापडली, ती सुमारे 2000 वर्षांपूर्वीची!

महाराष्ट्रातल्या फासेपारधी या शिकारी जमातीनं मात्र जिवंत पक्षीच कामाला लावला. पाळलेल्या तित्तराचा पिंजरा शिवारात ठेवायचा, भोवती खुंट्यांना बांधलेले फासे मांडायचे आणि आडोशाला बसायचं. पिंजऱ्यातला तित्तर ओरडला, की आपल्या हद्दीत कुणी घुसलंय असं वाटून रानातला नर चवताळून धावत येई नि फाशात अडके. शिकवलेल्या गाईच्या आडून हरणाजवळ सरकण्याचं कसबही त्यांचंच. पशुपक्ष्यांचा स्वभाव इतका बारकाईनं जाणणारी ही विद्या अव्वल दर्जाची होती.

इंग्रजी राजवटीनं गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांवर शिक्का मारला. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय उरला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर निर्बंध आले. ते योग्यच, पण पर्यायी रोजगार कुठे होता?

मध्य प्रदेशातल्या पन्ना इथं पारधी तरुण आता पर्यटकांना रानवाटा दाखवतात. महाराष्ट्रात भाटघरच्या जलाशयाकाठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, भोर-वेल्ह्यातही असं काम उभं राहायला हवं.